मार्लवाईची शाळा आणि पट्ट्याची जमीन



निजामी राजवटीत मराठी शाळा उभ्या करताना आपल्या वडीलधाऱ्यांना काय सोसावे लागले, हे या सभागृहात नव्याने सांगण्याचे कारण नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व सरकारदरबारची भाषाही तीच होती. त्याच सरकारने १९४३ साली आदिलाबादच्या डोंगरात गोंडी भाषेतून शाळा काढल्या, आणि त्यांची पुस्तके देवनागरीत लिहिली गेली. हा विरोधाभास मला नेहमीच विचार करायला लावतो. आज बोलायचे आहे ते त्याविषयी.

उत्नूर-आसिफाबादचा हा मुलूख आडवळणाचा खरा, पण एकजिनसी कधीच नव्हता. राजगोंड, कोलाम, नाईकपोड, परधान, आंध, बंजारे, शिवाय मराठी व तेलुगू शेतकरी असे सारेच तेथे नांदत होते. परधानांचेच पाहा. गोंडांच्या कुळकथा गाणारे हे भाट गातात गोंडीत, पण घरी बोलतात मराठी! काझीपेठ-बल्लारशहा लोहमार्ग झाल्यावर बाहेरचे शेतकरी, व्यापारी व सावकार वेगाने आत शिरले. दुसरीकडे जंगलखात्याने राखीव हद्दी आखल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर गोंड 'अतिक्रमक' ठरला. बाबेझरी परिसरातील अर्जविनंत्यांचा काही उपयोग झाला नाही. १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात कुमराम भीम व त्याचे साथीदार मारले गेले.

या उठावाची कारणे शोधण्याचे काम पुढे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. महायुद्धामुळे तो कागदोपत्री शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला होता आणि निजामाच्या राज्यात अडकून पडला होता. पत्नी बेट्टीसह तो मार्लवाई या गोंड खेड्यात राहिला. त्याचा निष्कर्ष साधा होता : बंडाचे मूळ जमिनीत आहे. १९४४ ते १९४९ या काळात आदिलाबाद जिल्ह्यात सुमारे एक लाख साठ हजार एकर जमिनीचे पट्टे आदिवासींना देण्यात आले. १९४६ च्या आदिवासी क्षेत्र कायद्याने त्यांच्या पंचायतींनाही अधिकृत स्थान मिळाले.

मार्लवाईचे शिक्षक-प्रशिक्षण केंद्र या साऱ्याशी जोडलेले होते. थोडेफार मराठी लिहू-वाचू शकणारे गोंड तरुण हाताशी होते, म्हणून लिपी देवनागरी. हेच तरुण शिक्षक झाले. माझ्या मते या शाळांचे खरे काम वर्गाबाहेर चालले. पावती वाचणे, नोटिशीचा अर्थ सांगणे, तलाठ्या-जंगलरक्षकासमोर गावाच्या वतीने दोन शब्द बोलणे, हे काम गावचाच माणूस करू लागला. त्याआधी कागद आला की गाव गप्प होत असे.

या कार्यात एक मराठी नाव ठळक आहे, ते सेतुमाधवराव पगडी यांचे. शिवकालाचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण हैदराबादच्या मुलकी सेवेतील या अधिकाऱ्याने गोंडी आत्मसात केली, आदिलाबादच्या गोंडांवर १९४९ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि गोंडी व कोलामीची व्याकरणेही रचली. आपल्या हद्दीतील प्रजेची बोली शिकणारे अधिकारी तेव्हाही विरळा होते. (आजचे विचारू नका!)

पुढे भाषावार प्रांतरचना झाली. आपण मराठी माणसांनी तिचे स्वागत केले व ते योग्यच होते. परंतु गोंडांच्या वाट्याला त्यातून प्रांत आला नाही. १९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून नांदेडात गेले. राजुरा १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. इकडच्या गोंड मुलासमोर मराठी आली, तिकडच्यासमोर तेलुगू. गोंडीच्या शाळा मागे पडल्या. जमिनीचेही तेच झाले. १९५९ चा हस्तांतरणबंदीचा नियम आणि १९७० ची त्यातील कडक दुरुस्ती असूनही बाहेरच्यांचे पाऊल आत पडतच राहिले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता. लोक तो कधीच मान्य करीत नाहीत. जोडेघाटानंतर चाळीस वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, त्याच कारणासाठी!

बेट्टी १९८७ साली हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईत आहे. १९९५ साली लंडनमध्ये निधन पावलेल्या हायमेनडॉर्फ यांच्या अस्थीही २०१२ साली तेथेच आणण्यात आल्या.