सही एकाची, माणसे दुसऱ्याची

मुंबईच्या गिरणीकामगारांचा इतिहास सांगताना बहुतेक जण मालक आणि मजूर अशा दोनच बाजू धरून चालतात. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे दोन बाजूंचा झगडा रंगवणे किती सोपे असते ते मला ठाऊक आहे. गिरणगावात मात्र तिसरी बाजूही होती, ती संघासंघांतील चुरशीची.

1926 च्या कायद्याने कोणत्याही सात जणांना संघ नोंदवण्याची मुभा दिली. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात ना. म. जोशींची युनियन आणि कम्युनिस्टांची नवी गिरणी कामगार युनियन यांनी संयुक्त समिती केली, म्हणून मालकांना ती डावलता आली नाही. पुढच्या वर्षी पुढारी मीरतच्या खटल्यात अडकले, ती एकीही उरली नाही, आणि 1929 चा संप फसला.

या बजबजपुरीवर उतारा म्हणून 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. एका भागातील एका धंद्यात एकच प्रातिनिधिक संघ; त्याने केलेला करार सर्वांवर बंधनकारक. मालकांची केवढी सोय! रोज नवा पुढारी दाराशी नको, एकाशी बोलले की झाले. पण या मानासाठी निम्मे कामगारही सभासद लागत नाहीत, शेकडा 25 पुरतात. आणि कामगारांचे गुप्त मतदान तर नाहीच. माझ्या मते सारी मेख इथेच आहे. कापडगिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला. 1950 साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने संप लढवला. लाखो माणसे बाहेर पडली, पण कायद्याच्या लेखी ती सभा कुणीच नव्हती.

माझ्या शाळेतील एका मुलाचे आजोबा साचेवाले होते. ते सांगतात, "गुरुजी, पावती एकाची फाडायची, सभेला दुसऱ्याच्या जायचे."

18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. मालक म्हणाले, आमची बोलणी मान्यताप्राप्त संघाशीच. सहीचा अधिकार एकाकडे, माणसे दुसऱ्याकडे! त्या सहीने साचे काही चालेनात. कित्येक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत, आणि पुढे काही मालकांना कापडापेक्षा जमिनीचाच भाव अधिक दिसू लागला. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही.