टिळकांची ख्रिस्तभक्ति

देवरूखापासून दापोलीपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याच्या गांवोगांवीं कीर्तन व अभंग हे घरच्या माणसांइतकेच परिचयाचे होते. याच जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका सहप्रवाशानें त्यांस 'नवा करार' दिला. त्यांतील गिरिप्रवचनानें त्यांचें मन जिंकलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

पण जगास प्रेम सांगूं निघालेल्या या कवीचें स्वतःचेंच घर दुभंगलें. पत्नी लक्ष्मीबाई सुमारें साडेचार वर्षें दूर राहिल्या. परतल्या, त्याहि आपलें सोंवळें घेऊनच. त्यांचें पाणी वेगळें, चूल वेगळी. टिळकांनीं तें पाळूं दिलें. पुढें लक्ष्मीबाईंच्या मनांतील जातिभेद आपोआप गळाला, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वेच्छेनें बाप्तिस्मा घेतला.

जी दृष्टि घरांत, तीच समाजांत. परक्या चालींची भाषांतरित गीतें मराठी हृदयास भिडत नाहींत, हें ओळखून टिळकांनीं ख्रिस्तास अभंगांत व कीर्तनांत आणलें. १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. तेथें बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्तांसहि स्थान होतें.

१९१९ सालीं टिळक निवर्तले. त्यांनीं आरंभिलेल्या 'ख्रिस्तायना'चा बहुतेक भाग पुढें लक्ष्मीबाईंनीं रचला. ज्या नांवामुळें घर दुभंगलें, त्याच नांवाचें चरित्र त्या घरानें सिद्धीस नेलें.