मौलाबख्शांची गायनशाळा

नाटक, नृत्य, सिनेमा हे विषय महाविद्यालयात शिकता येतात, त्यांची पदवीही मिळते, हे आमच्या उर्दू शाळेत मुले पाठवणाऱ्या अनेक पालकांना आजही खरे वाटत नाही. "ये भी कोई पढाई है क्या?" हा त्यांचा ठरलेला सवाल. या सवालाचे एक उत्तर बडोद्याच्या इतिहासात आहे.

उस्ताद मौलाबख्श हे उत्तरेतले गवई. म्हैसूरला जाऊन त्यांनी कर्नाटक संगीताचीही तालीम घेतली. १८८६ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली. तोवर ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे, बापाकडून मुलाकडे तोंडीच जात असे. घराण्यातली चीज बाहेरच्या कानावर पडू नये म्हणून जपली जाई. मौलाबख्शांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, पाठ्यपुस्तके लिहिली आणि गाण्याला वर्ग, फळा व तासिका दिली. आज आम्ही बी.एड.ला जी पाठाची आखणी शिकतो, ती त्यांनी संगीतासाठी तेव्हाच केली. १८९६ मध्ये त्यांचे निधन झाले. सूफी संत व संगीतकार इनायत खान हे त्यांच्या मुलीचे पुत्र.

नृत्याची वाट वेगळी. १८८० मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला. या सोयरिकीमुळे तिकडच्या नर्तकी व नट्टुवनार बडोदे दरबारी आले. पुढे देवदासींच्या या कलेकडे प्रतिष्ठित समाज नाक मुरडून पाहू लागला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. मौलाबख्शांची शाळा आता संगीत, नृत्य व नाट्य महाविद्यालय म्हणून विद्यापीठाचा भाग झाली. दरबारी आलेल्या त्याच कलावंतांच्या कुळातील कुबेरनाथ तंजोरकर तेथे भरतनाट्यम शिकवू लागले. नाक मुरडलेल्या कलेची रीतसर परीक्षा होऊ लागली.

सिनेमाचे शिक्षण पुण्यात आले. १९६० मध्ये प्रभातच्या जुन्या स्टुडिओत सरकारी चित्रपट संस्था उभी राहिली. पुण्यातच १९२५ मध्ये जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नटांच्या पिढ्या त्यांच्या शिस्तीत घडल्या.

पदवीने सगळे मिळते असे नाही. उस्तादापुढे वर्षानुवर्षे बसून जे उतरते, ते तीन तासांच्या पेपरात मावत नाही. पण पदवीने एक गोष्ट नक्की केली. ज्याच्या घरात गाणे-नाचणे नव्हते, त्या मुलालाही दार उघडले. अर्ज भरताना तुझे घराणे कोणते, असे तिथे कोणी विचारत नाही.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी मुलगी संवाद असा म्हणते की मागच्या रांगेतली पोरेही गप्प होतात. दहावीनंतर तिला डी.एड. किंवा शिलाई क्लास एवढेच सुचवले जाते. तिसरी वाटही आहे, हे तिला सांगायला हवे. आणि त्या वाटेवरचा पहिला फळा एका मौलाबख्शाने लावला होता, हे तिच्या अब्बांना.