रशियन भाषेतील प्राणिध्वनिवाचक क्रियापदे

प्राण्यांच्या आवाजांचे वाचक शब्द हे निसर्गाचे प्रत्यक्ष अनुकरण असतात व म्हणून त्यांना स्वतंत्र इतिहास नसतो, ही समजूत जुनी आहे. माक्स म्युल्लर यांनी १८६१ साली लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत अशा शब्दांना निर्मूळ व वंध्य ठरविले होते. रशियन शिकणारा विद्यार्थीही, हे शब्द तरी केवळ कानाने ओळखता येतील, अशाच अपेक्षेने त्यांकडे वळतो. ही अपेक्षा कितपत सार्थ आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

रशियन बालकाच्या तोंडी कुत्रा ‘गाव्’, गाय ‘मू’ आणि घोडा ‘इगोगो’ असा आवाज करतो. परंतु भुंकणे, हंबरणे व खिंकाळणे यांची रूढ क्रियापदे अनुक्रमे ‘लायत्’, ‘मिचात्’ व ‘र्झात्’ अशी आहेत. उद्गार व क्रियापद यांमधील हे अंतर मुख्यतः ध्वनिपरिवर्तनाने पडलेले आहे. ‘र्झात्’मधील दोन आद्य व्यंजनांमध्ये पूर्वी एक अतिऱ्हस्व स्वर होता, बाराव्या शतकाच्या सुमारास असे स्वर पूर्व स्लाव्ह बोलींतून लोपले आणि आजचे जोडाक्षर उरले. ‘रिक्’ म्हणजे डरकाळी, पण डरकाळी फोडणे म्हणजे ‘रिचात्’. येथे तालव्य स्वरापूर्वी क चा च झाला आहे. संस्कृतातील ‘चकार’ या रूपाच्या अभ्यासातही असेच तालव्यीभवन दिसते.

‘लायत्’ची कुळी तर याहून दूर जाते. लिथुआनियन ‘लोती’ आणि संस्कृत ‘रायति’ ही त्याची सगोत्र रूपे होत. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील ५५व्या सूक्तात कुत्र्याला चोरावर भुंकावयास सांगताना हाच धातू योजिला आहे. मुळात अनुकरणातून निघालेला मानला जाणारा हा शब्द वंध्यही राहिला नाही. ‘लायत्सा’ या त्याच्या आत्मनेपदी रूपाला शिवीगाळ करणे, भांडणे असा अर्थ आला आहे.

याच्या शेजारी दुसरा, सहज उलगडणारा थर आहे. ‘म्याऊ’वरून ‘म्याऊकत्’, ‘ख्र्यू’वरून डुकराचे ‘ख्र्यूकत्’ आणि ‘गाव्’वरून ‘गाव्कत्’. यांतील ‘क’ हा प्रत्यय केवळ प्राण्यांपुरता नाही. ‘ती’ म्हणजे तू, त्यावरून ‘तीकत्’ म्हणजे अरेतुरे करणे; ‘वी’ म्हणजे तुम्ही, त्यावरून ‘वीकत्’ म्हणजे अहोजाहो करणे. तेव्हा मांजराच्या आवाजाला क्रियापदत्व देणारी शक्ती निसर्गाची नसून व्याकरणाची आहे.

भुंकण्यासाठी ‘लायत्’ आणि ‘गाव्कत्’ ही दोन्ही क्रियापदे रशियनमध्ये नांदतात, ही गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. एक अनुकरण झिजून ओळखू येईनासे झाले, म्हणजे भाषा त्याला टाकून देत नाही. त्याच्या शेजारी नवे अनुकरण उभे करते. अनुकरणमूलक शब्दांना इतिहासाबाहेर ठेवणाऱ्या मताला एवढा एक पुरावाही पुरेसा बाधक आहे. विद्यार्थ्याने उद्गार कानाने शिकावेत. क्रियापदांसाठी मात्र त्याला भाषेच्या इतिहासाकडेच जावे लागेल.