दिल्लीच्या पत्रकाराला गावची बातमी कशी कळवावी?

मंद्रूपची अडचण देशाची बातमी होऊ शकते का? हो, पण ‘आमच्यावर अन्याय झालाय’ एवढ्या मेसेजने नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. दर किलोला १ रुपया. हमाली, तोलाई, भाडे वजा जाऊन हातात पडला २ रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. ही बातमी देशभर गेली, कारण आकडे कागदावर होते आणि प्रश्न थेट सरकारच्या कांदा धोरणाचा होता.

राजकीय पत्रकाराला कळवताना हे पाहा:

• सुरुवात: पहिल्या दोन ओळींत काय, कुठे, कधी, किती जणांना फटका.
• पुरावा: पट्टी, ग्रामसभेचा ठराव, माहिती अधिकारातले उत्तर.
• निर्णय कोणाचा? कांदा निर्यातीचे धोरण केंद्र ठरवते, म्हणून ती दिल्लीची बातमी. गावातल्या गटारीसाठी सोलापूरचा वार्ताहर बरा.
• संपर्क: बोलायला तयार असलेल्यांचे नंबर, त्यांना विचारूनच.

नाव छापायचे नसेल तर माहिती देण्याआधीच तसे ठरवून घ्या. छापून आलेले नाव परत घेता येत नाही, आणि गावात राहायचे तुम्हालाच असते.