पत्र दोघांचे, वाचणारे अनेक

१/ पहिल्या महायुद्धात सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या भागांतील हजारो तरुण समुद्रापार लढावयास गेले. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाने या युद्धात ४६ जवान गमावले. मागे राहिलेल्या पत्नीशी या सैनिकांचा संवाद कसा चालत असे? पत्रे होती, पण ती केवळ दोघांची कधीच नव्हती.

२/ पहिली अडचण अक्षरांची. १९११च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात दर हजार पुरुषांत १०६ आणि दर हजार स्त्रियांत अवघ्या १० साक्षर होत्या. म्हणजे बहुतेक सैनिक पत्र सांगत आणि पलटणीतला लिहिता येणारा एखादा सोबती ते उतरवून घेई. गावी ते वाचून दाखवण्यासाठीही कोणी जाणता लागे.

३/ दुसरी अडचण रीतीची. एकत्र कुटुंबात पत्र घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे येई. मायना ‘तीर्थरूप’ वडिलांना, मग थोरामोठ्यांना दंडवत, लहानांना आशीर्वाद, पीकपाण्याची व गुराढोरांची चौकशी. पत्नीचे नाव चारचौघांत उच्चारायचे नाही, असा तो काळ. तिची विचारपूस ‘घरची सर्व मंडळी’ या दोन-तीन शब्दांत सामावलेली असे.

४/ तिसरा वाचक सरकार. १९१४च्या शरद ऋतूत हिंदी फौजा फ्रान्समध्ये उतरल्या. खडकीच्या ‘बॉम्बे सॅपर्स’च्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर रोजी न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात होत्या. या दलात मराठा जवानही भरती होत. राजद्रोही मजकूर सैनिकांपर्यंत पोहोचेल, या भीतीने सरकारने हिंदी टपाल तपासण्यास आरंभ केला.

५/ ही कचेरी फ्रान्समधील बुलोन्य येथे होती आणि तिचे प्रमुख होते ई. बी. हॉवेल. १९१५च्या आरंभी हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत. सगळी वाचणे अशक्यच होते. त्यामुळे निवडक पत्रांतील उतारे इंग्रजीत उतरवून त्यांचे नियमित अहवाल वरिष्ठांकडे जात. जाणारी पत्रे तपासली जात, तशी घरून येणारीही.

६/ आपले पत्र तिऱ्हाईत वाचतो, हे सैनिकांना ठाऊक होते. म्हणून आडपडद्याची भाषा आली. काळी मिरी संपत आली असून आता लाल मिरची वापरली जात आहे, अशा आशयाचा निरोप एका सैनिकाने धाडला. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. तपासनिसांनी तो अर्थ ओळखला, म्हणूनच तो आज ठाऊक आहे.

७/ जेथे पत्रच पोहोचत नसे, तेथे काय? १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. अखेर सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या हाती सापडले आणि अनेकांचा कैदेत अंत झाला. कुंकू लावावे की पुसावे, हे ठरवण्याइतकीही खबर ज्या घरी नव्हती, तेथील स्त्रीची अवस्था कोणत्या अहवालात येणार?

८/ हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. परंतु त्यांत आहेत ती इंग्रजी भाषांतरे. मूळ पत्रे बहुतांशी पुढे रवाना झाली. उतारे निवडले ते राज्यकर्त्यांच्या काळजीनुसार: निष्ठा, असंतोष, लढाईचा कंटाळा. संसाराच्या साध्या गोष्टी मागे पडल्या. पत्नीने सांगितलेले शब्द लेखनिक, तपासनीस आणि भाषांतरकार अशा तीन चाळण्यांतून गळत गेले.

९/ म्हणून ही पत्रे वाचताना दोन प्रश्न विचारावेत: हे कोणी लिहून दिले आणि कोणी वाचावे म्हणून? सैनिकाच्या पत्रातील ‘मी खुशाल आहे’ हे वाक्य घरासाठी धीर होता आणि तपासनिसासाठी निष्ठेचा दाखला. एकाच वाक्याला दोन वाचक होते.

१०/ त्या काळी हाताने लिहिलेली मराठी पुष्कळदा मोडीत असे. एखाद्या सैनिकी घराण्याच्या जुन्या पेटीत असा न वाचता येणारा कागद निघाला, तर तो रद्दीत टाकण्याआधी मोडी जाणणाऱ्यास दाखवावा. लंडनच्या अहवालांत जे नाही, ते मूळ मराठी बोलणे त्यात असू शकते. आणि कदाचित ‘घरची सर्व मंडळी’ या शब्दांआड राहिलेल्या त्या स्त्रीचेही.