इंग्रजी नाण्यांची पारख

जुन्या नाण्यांविषयी बोलावयास कोणी उभा राहिला, की सभा संपल्यावर चार-दोन मंडळी हमखास त्याच्याभोवती जमतात आणि हलकेच विचारतात, "आमच्या घरी आजोबांच्या वेळचे राणीच्या छापाचे नाणे आहे, त्याचे किती येतील?" प्रश्न रास्त आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र विचारणाऱ्याच्या मनात एक समज पक्का बसलेला असतो, तो असा की नाणे जितके जुने तितके ते अधिक मोलाचे. इंग्लंडच्या नाण्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज फारसा टिकत नाही.

दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहू. एक आहे पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातील चांदीची पेनी. या राजाने १२७९ मध्ये नाण्यांची नवी घडी बसविली आणि त्याच्या टांकसाळींतून या पेन्या अपरंपार बाहेर पडल्या. पुढे चोराचिलटांच्या भयाने लोकांनी त्या मडक्यांत भरून पुरल्या आणि शतकानुशतके नांगराच्या फाळाला लागून त्या पुन्हा वर येत राहिल्या. सातशे वर्षांचे हे नाणे आहे खरे, पण त्याचा साधा, झिजलेला नमुना आजही बेताच्या मिळकतीच्या हौशी माणसाला परवडतो. दुसरे नाणे आहे १९३३ सालची काशाची पेनी. त्या वेळी एका पौंडाला २४० पेन्स पडत. म्हणजे व्यवहारात हिची किंमत जवळजवळ नगण्यच. पण तिच्यासाठी श्रीमंत संग्राहक लिलावात एकमेकांवर चढ करतात.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. १९३३ साली इंग्लंडातील बँकांपाशी पेन्यांचा साठा भरपूर होता, नवीन पाडण्याची गरज नव्हती. परंतु मोठ्या इमारतीची कोनशिला बसविताना तिच्याखाली त्या सालची नाणी ठेवावयाची अशी तेथील रीत. तेव्हा एवढ्यापुरत्या आणि संग्रहालयांपुरत्या मूठभर पेन्या पाडण्यात आल्या. आज सातच्या आसपास ठाऊक आहेत. एक लंडन विद्यापीठाच्या इमारतीच्या कोनशिलेखाली गेली, काही लीड्स भागातील चर्चांच्या पायांत गेल्या. १९७० साली त्यांपैकी एका चर्चचा दगड उकरून चोरांनी पेनी पळविली. ते ऐकताच दुसऱ्या एका चर्चने आपली पेनी पायातून काढून रीतसर विकून टाकली. देवाच्या घराखाली ठेवलेला दिडकीएवढा तुकडा घराच्याच जिवावर उठला, म्हणा ना!

तेव्हा वयापेक्षा महत्त्वाचे हे, की नाणे किती पाडले गेले आणि किती शिल्लक उरले. या दोन्ही आकड्यांमागे राज्यकर्त्यांच्या अडचणी उभ्या असतात. याचे उत्तम उदाहरण म्हणजे १६९६ सालची नाणेबदली. तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

त्यापूर्वीची जुनी चांदीची नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली असत. त्यांची कड वेडीवाकडी, त्यामुळे कातरीने तिचा एखादा पापुद्रा उतरविला तरी घेणाऱ्याच्या ध्यानात येत नसे. हा गुन्हा राजद्रोहात मोडे आणि त्याची शिक्षा देहान्ताची. तरीही लोक नाणी कातरीतच राहिले. १६६२ पासून यंत्राने पाडलेली नाणी कायमची सुरू झाली. त्यांच्या कडेला कंगोरे असत, मोठ्या क्राउन नाण्याच्या कडेवर तर 'शोभा आणि संरक्षण' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे कोरलेली असत. कड कातरली की चोरी तत्काळ उघडी! पण झाले उलटेच. लोकांनी नवी, पुऱ्या वजनाची नाणी घरात दडविली किंवा आटविली आणि बाजारात कातरलेलीच फिरत राहिली. १६९५ च्या सुमारास गोळा केलेली जुनी नाणी तोलली, तेव्हा ती असावयास हवी त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाची भरली. पगार कशाचा आणि भाव कशाचा, याचा प्रत्येक दुकानापुढे तंटा सुरू झाला.

अखेर सरकारने सारी जुनी चांदी परत घेऊन आटविण्याचे ठरविले. तूट भरून काढण्यासाठी घरांच्या खिडक्यांवर कर बसविला, तो पुढे १८५१ पर्यंत टिकला. लंडनच्या टांकसाळीला हा भार एकटीने पेलेना. म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झिटर, नॉर्विच आणि यॉर्क या पाच गावी तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. त्या सुमारास लंडनच्या टांकसाळीत अधिकारी म्हणून आले ते आयझॅक न्यूटन, आणि चेस्टरच्या टांकसाळीत काम पाहू लागले ते धूमकेतूवाले हॅले! गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा हा पुरुष खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागावर साक्षी-पुरावे जमवीत हिंडला आणि त्याच्या खटपटीने विल्यम चॅलोनर नावाचा पट्टीचा भामटा १६९९ मध्ये फासावर गेला.

या धामधुमीची खूण नाण्यावर आजही वाचता येते. विल्यम राजाच्या मुखवट्याखाली एक बारीक अक्षर दिसते. बी असेल तर ब्रिस्टल, सी असेल तर चेस्टर. त्या पाचही गावांची नाणी मिळवून ओळीने मांडावयाची हा संग्राहकांचा आवडता खेळ आहे. तो खेळण्यासाठी फार श्रीमंत असावे लागत नाही. मात्र भिंग लागते आणि चिकाटी लागते. या छंदाचे खरे सुख मला येथे दिसते. केवळ दुर्मिळाच्या मागे धावणाऱ्याच्या वाट्याला ते क्वचितच येते.

दुर्मिळ होणार अशी हाकाटी झाली म्हणजे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली म्हणून नवी नाणी निघाली. त्यांतील चांदीचे सहा पेन्सचे नाणे सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनसारखे हुबेहूब दिसे. लबाडांनी त्याला सोन्याचा मुलामा दिला आणि सहा पेन्सचे नाणे दहा शिलिंगांना खपविण्यास आरंभ केला. सरकारने घाईघाईने त्याच वर्षी छाप बदलला. बातमी पसरताच घरोघर लोकांनी ते 'मागे घेतलेले' नाणे आठवण म्हणून जपून ठेवले. परिणाम असा, की ते आज कोरे करकरीत आणि मुबलक मिळते, म्हणून स्वस्त मिळते. सर्वांनीच जे जपले ते दुर्मिळ कसे होणार?

संख्येनंतर प्रश्न येतो स्थितीचा. इंग्रज व्यापाऱ्यांनी यासाठी पायऱ्या ठरविल्या आहेत: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन आणि सर्वांवर चलनात न आलेले कोरे. यातील 'फाइन' या शब्दाने नवखा मनुष्य हुरळून जातो. वस्तुतः फाइन म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले. एकाच सालच्या दोन नाण्यांच्या किमतीत या पायऱ्यांमुळे दहापट अंतरही पडू शकते. आपल्याकडे या बाबतीत जो अनर्थ होतो तो झिजण्याने नव्हे, तर प्रेमाने. पाहुणे येणार म्हणून नाणे चिंचेने किंवा रांगोळीने घासून लखलखीत करतात. त्याबरोबर नाण्याच्या पृष्ठावरचा मूळचा कांतीचा थर निघून जातो, बारीक ओरखडे उठतात आणि जाणता संग्राहक ते पाहताच खाली ठेवतो. काळवंडलेले नाणे तसेच काळवंडलेले राहू द्यावे.

तिसरी गोष्ट धातूची. ती किमतीचा तळ ठरविते. इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यांत १९२० पूर्वी शेकडा साडेब्याण्णव भाग चांदी होती. १९२० पासून १९४६ पर्यंत निम्मी, आणि १९४७ पासून नित्याच्या चलनात मुळीच नाही. तेव्हा घरातील शिलिंगावरचे साल आधी वाचावे.

मराठी घरांत इंग्लंडचे म्हणून जे नाणे खरोखर सापडते ते बहुधा सोन्याचे सॉव्हरिन. त्याला आपण गिनी म्हणतो. वास्तविक गिनी निराळी. एकवीस शिलिंगांची, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच बंद पडलेली. १८१७ पासून तिची जागा वीस शिलिंगांच्या सॉव्हरिनने घेतली, परंतु सराफकट्ट्यावर नाव जुनेच टिकले आणि बावीस कसाच्या सोन्यालाही 'गिनी सोने' म्हणू लागले. १८९९ पासून हे सॉव्हरिन हिंदुस्थानात पंधरा रुपयांना कायदेशीर चलन होते. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ते खुद्द मुंबईच्या टांकसाळीत सुमारे तेरा लाख पाडले गेले.

हे मुंबईचे सॉव्हरिन ओळखणे सोपे आहे. काट्याच्या बाजूस घोड्यावर बसून सर्पासुराला मारणारा सेंट जॉर्ज आहे. त्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, इंग्रजी आय हे अक्षर बारीक कोरलेले असते. तेरा लाख म्हणजे ते दुर्मिळ नव्हे, आणि सोन्याच्या भावावर त्याला फार मोठी रक्कम मिळेल अशी आशा धरू नये. गळ्यात घालण्यासाठी त्याला कडी डाकविली असेल किंवा भोक पाडले असेल, तर संग्राहकाच्या दृष्टीने ते बहुतेक बाद झाले; मग उरते ते जेमतेम आठ ग्रॅम बावीस कसाचे सोने. पण कडी नसेल, तर लग्नकार्यासाठी ते मोडावयास नेण्यापूर्वी भिंगाखाली एकदा साल आणि ते अक्षर पाहून घ्यावे, आणि सराफाबरोबरच नाण्यांच्या एखाद्या जाणकारालाही दाखवावे.